कुलूप कुठे लावलंय ते आधी बघा

वाचक विचारतात : घरातली यंत्रं, घरातली दुरुस्ती

गेल्या अंकात मी एचडीएमआय पोर्ट, म्हणजे टीव्हीची केबल जोडायची खाच, का तुटतं आणि ते बदलून घेताना काय बघायचं, यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत टीव्ही बाजूलाच राहिला, बहुतेकांनी गेम कन्सोलबद्दल, म्हणजे खेळ खेळायच्या यंत्राबद्दल, विचारलं आहे. वागळे इस्टेटमधल्या माझ्या वर्कशॉपातही आता हेच चित्र आहे. एके काळी टेबलावर पिक्चर ट्यूब असायच्या, आता शाळकरी मुलं आईबाबांना सोबत घेऊन कन्सोल दाखवायला येतात. तेव्हा या वेळी फक्त कन्सोल.

पत्रं वेगवेगळी असली तरी बऱ्याच जणांना एकच गोष्ट खुपते आहे : पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली, मग ती उघडली, बदलली तर कंपनीच्या पोटात का दुखतं? माझं म्हणणं असं की कंपनी पैसे कुठे कमावते ते बघा. जिथे कमाई, तिथेच कुलूप. एवढं ध्यानात ठेवलं तर कोणत्या बदलाकडे कंपनी काणाडोळा करेल आणि कोणत्या बदलासाठी कोर्टाची पायरी चढेल, हे बरंचसं आधीच ओळखता येतं.

डिस्क फिरते, पण खेळ लागत नाही

*मुलाचं कन्सोल डिस्क घेईना म्हणून वाशीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. त्याने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बंद मशिनमधला ड्राइव्ह काढून टाकला. आता डिस्क आत जाते, फिरल्याचा आवाज येतो, पण खेळ सुरू होत नाही. डाउनलोड केलेले खेळ मात्र व्यवस्थित चालतात. तो म्हणतो, कंपनीनेच लॉक केलंय. खरं बोलतोय की आम्हाला बनवतोय? — एक आई, ऐरोली*

ताई, तो खरं बोलतोय. फक्त हे त्याला काम हातात घेण्याआधी माहीत असायला हवं होतं.

तुम्ही ब्रँड कळवलाय. तो इथे देत नाही, कारण सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांच्याही मशिनमध्ये हीच व्यवस्था आहे. ड्राइव्ह उघडला की डिस्क ओढून घेणारे रोलर, ती फिरवणारी मोटर आणि लेन्स दिसते. त्यालाच लागून एक छोटा बोर्ड असतो. कारखान्यात हा बोर्ड आणि मदरबोर्ड, म्हणजे मशिनचा मुख्य बोर्ड, यांची जोडी लावून दिलेली असते. मशिन सुरू झालं की मदरबोर्ड आधी बोर्डाची ओळख पटवून घेतो आणि मगच डिस्क वाचू देतो. दुसऱ्या मशिनमधून आणलेला ड्राइव्ह कितीही ठणठणीत असला तरी त्याची जोडी तिकडे राहिली. म्हणून डिस्क फिरते आणि पुढे काहीच होत नाही. डाउनलोडचे खेळ आतल्या एसएसडीवरून, म्हणजे साठवणुकीच्या चिपवरून, चालतात, त्यांचा ड्राइव्हशी संबंध येत नाही.

आता करायचं काय? तुमचा मूळ ड्राइव्ह परत मागा, आणि लगेच मागा, कारण दुकानातले जुने पार्ट भंगारात जायला वेळ लागत नाही. बिघाड बहुतेक वेळा लेन्समध्ये नाहीतर मोटर-रोलरमध्ये असतो, बोर्ड शाबूत असतो. तुमचा मूळ बोर्ड या आणलेल्या ड्राइव्हवर चढवला की जोडी पुन्हा जुळते. मूळ बोर्डच जळला असेल तर मात्र बाहेर कुणाच्या हातात काही नाही, कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठावं लागेल. आणखी एक. खाडीकाठच्या घरांतून, म्हणजे ऐरोली, कळवा, विटावा या बाजूने जी मशिन माझ्याकडे येतात, त्यांत पावसाळ्यानंतर ड्राइव्हच्या चपट्या केबलच्या टोकांवर हिरवट थर धरलेला असतो. कधी कधी तेवढं साफ केलं की ड्राइव्ह चालू होतो. पार्ट बदलण्याआधी ते बघायला सांगा.

कुलूप नेमकं ड्राइव्हवरच का? कारण कॉपी केलेली डिस्क मशिनमध्ये शिरते ती याच दारातून. ड्राइव्हशी छेडछाड करून नकली डिस्क चालवण्याचे प्रकार आधीच्या पिढ्यांत भरपूर झाले. कंपनीची भीती खरी आहे, पण तिची किंमत तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं मोजतात, आणि हे मला अजिबात पटत नाही. अमेरिकेत २०२१ साली कॉपीराइटच्या नियमात एक सूट मिळाली : कन्सोलचा डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरतं हे कुलूप उघडणं गुन्हा नाही. ड्राइव्हपुरतंच, बाकी कशासाठी नाही. शिवाय सूट आहे ती उघडण्याला. उघडायची साधनं बनवून विकण्याला ती लागू नाही. म्हणजे अधिकार कागदावर मिळाला आणि दुरुस्तीवाल्याचे हात रिकामेच राहिले. सोनीच्या २०२३ मधल्या सडपातळ प्लेस्टेशन ५ मध्ये ड्राइव्ह ग्राहकाला स्वतः काढता-बसवता येतो, फक्त जोडताना एकदा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरची संमती लागते. जोडी नव्याने लावून देणं कंपनीला जमतं, हे त्यातून उघडच होतं. मग ती सोय जुन्या मशिनच्या दुरुस्तीसाठी का नको?

तोट्यात विकून धंदा कसा होतो?

*आम्ही मित्र वाद घालत होतो. एक म्हणतो कन्सोल कंपन्या मशिन तोट्यात विकतात. असं कोण करेल? आणि केलं तर मग त्यांना मशिन कशी वापरली जाते याची एवढी चिंता का? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नेरूळ*

मित्राचं बरंचसं बरोबर आहे, पण सगळ्याच कंपन्यांना आणि सगळ्याच काळाला ते लागू नाही.

ठळक उदाहरण प्लेस्टेशन ३ चं. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत त्याचं मोठं मॉडेल ५९९ डॉलरला आलं. आयसप्लाय या संस्थेने मशिन उघडून, एकेका पार्टची किंमत लावून अंदाज काढला : बनवण्याचा खर्च साधारण ८४० डॉलर. म्हणजे मशिनमागे २४० डॉलर खिशातून. मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांनी २०२१ साली एपिक ही खेळ बनवणारी कंपनी आणि ॲपल यांच्या खटल्यात साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्स मशिनच्या विक्रीवर कंपनीने कधीही नफा कमावलेला नाही. सोनीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर केलं की ४९९ डॉलरचं प्लेस्टेशन ५ आता तोट्यात विकलं जात नाही. निन्टेंडो या तिसऱ्या मोठ्या कंपनीची चाल वेगळी. जुनी, स्वस्त झालेली चिप घ्यायची आणि खेळण्याची तऱ्हा नवी आणायची. त्यांचं २००६ चं ‘वी’ हे कन्सोल पहिल्या दिवसापासून नफ्यात होतं. पण २०१२ चं ‘वी यू’ त्यांनाही खर्चापेक्षा कमी किमतीत विकावं लागलं.

मग कमाई कुठे? आपल्याकडे काही मंगल कार्यालयांत हॉलचं भाडं रास्त असतं, पण केटरर त्यांचाच घ्यायचा, बाहेरचा आचारी आत येऊ द्यायचा नाही, अशी अट असते. कन्सोलचं गणित हेच आहे. मशिन म्हणजे हॉल. कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळातले साधारण ३० टक्के कंपनीला जातात. डिस्कवर विकलेल्या खेळावर परवान्याचे पैसे मिळतात, ऑनलाइन खेळण्यासाठीची वर्गणी वेगळी. तुम्ही मशिन घेऊन वर्षानुवर्षं खेळ विकत घेत राहाल, या हिशेबावर सुरुवातीचा तोटा सोसलेला असतो. जो माणूस मशिन घेतो पण खेळ घेत नाही, तो कंपनीच्या लेखी निव्वळ खर्च. आणि जो मशिन मोकळं करून फुकटचे खेळ चालवतो, तो इतरांकडूनही होणारी कमाई घालवण्याची वाट दाखवतो.

या सगळ्याची सुरुवात बघायची तर १९८३ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. अटारी २६०० या कन्सोलसाठी कुणीही कार्ट्रिज, म्हणजे खेळाची कॅसेट, बनवून विकू शकत होतं, निकृष्ट खेळांचा पूर आला आणि गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला. निन्टेंडोने १९८५ मध्ये तिथे एनईएस हे कन्सोल आणलं तेव्हा मशिनमध्ये एक छोटी चिप घातली आणि तिची जोडीदार प्रत्येक अधिकृत कार्ट्रिजमध्ये. दोघींचं सतत आपापसात बोलणं चालतं. ते जुळलं नाही तर मशिन दर सेकंदाला रीसेट होतं, समोरचा लाल दिवा उघडमीट करत राहतो. खेळ बनवणाऱ्यांना वर्षाला पाचच खेळांची परवानगी, आणि कार्ट्रिज निन्टेंडोकडूनच बनवून घ्यायची. दर्जा राखण्याचं कारण खरं होतं. पण त्याच चिपमुळे कोण विकणार, किती विकणार आणि त्यातले किती पैसे निन्टेंडोला जाणार, हेही ठरलं. आजची प्रत्येक कन्सोल कंपनी याच वाटेने चालते आहे.

त्या चिपची दुसरी बाजू दुरुस्तीवाल्यांना चांगली ठाऊक आहे. कार्ट्रिज बसायच्या खाचेतल्या पट्ट्या सैल झाल्या, धूळ बसली की अस्सल कार्ट्रिजचंही बोलणं तुटायचं आणि मशिन लुकलुकत बसायचं. मशिनमधल्या त्या चिपची चौथी पिन कापून उचलली की ती गप्प बसते आणि रीसेट थांबतं. अमेरिकेतल्या कितीतरी एनईएसना त्या एका पिनेने पुन्हा चालतं केलं. हार्डवेअर मॉडिंग, म्हणजे मशिनच्या आत बदल करणं, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चोरीच येते. माझ्या डोळ्यांसमोर ही पिन येते.

आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी असलेला तो टीव्ही गेम, एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचं सांगणारा? तो निन्टेंडोच्या जपानी मशिनची, १९८३ च्या फॅमिकॉमची, नक्कल होता. जपानी मशिनमध्ये ती कुलूपचिप घातलेलीच नव्हती, म्हणून नकला करणं सोपं गेलं. आपल्या अख्ख्या पिढीला गेमिंगची ओळख झाली ती या न लावलेल्या कुलपामुळे.

चुलतभावाने मॉड केलंय, मीही करू का?

*ताई, मी दहावीत आहे. माझ्या चुलतभावाने त्याचा स्विच मॉड केलाय, त्यात सगळे गेम फुकट आहेत. माझ्याकडे नवीन स्विच २ आहे, काकांनी दुबईहून आणलेला. तो म्हणतो तुझ्यातही एक कार्ड टाकलं की झालं. करू का? बाबा म्हणतात ताईंना विचार. — कळवा*

करू नकोस. का ते नीट सांगते, कारण तू विचारायचं सौजन्य दाखवलंस.

चुलतभावाचा स्विच, म्हणजे निन्टेंडोचं कन्सोल, बहुधा जुन्या काळातला असावा. मार्च २०१७ मध्ये आलेल्या पहिल्या स्विचमध्ये एनव्हिडियाची टेग्रा एक्स १ ही चिप होती. एप्रिल २०१८ मध्ये केट टेमकिन या संशोधक महिलेने आणि स्वतंत्रपणे फेलओव्हरफ्लो या गटाने त्यातला एक दोष जाहीर केला. मशिन सुरू होताना जो अगदी पहिला प्रोग्राम चालतो, तो चिपमध्ये कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. दोष त्यातच होता, म्हणून कोणत्याही अपडेटने तो बुजवता येईना. निन्टेंडोला नव्या चिप घालूनच पुढची मशिन काढावी लागली. टेमकिन यांनी तो दोष आधी कंपन्यांना कळवला होता. हे काम उत्तम इंजिनिअरिंगचं आहे आणि तुला त्यात रस असेल तर मला आनंदच आहे.

पण त्याच दोषावर काही लोकांनी चोरीचा धंदा उभा केला. टीम एक्झिक्युटर नावाचा गट स्विचसाठी चिप आणि सॉफ्टवेअर विकत असे. त्यातला गॅरी बाउझर पकडला गेला, फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला ४० महिन्यांची शिक्षा झाली, आणि फौजदारी व दिवाणी मिळून भरपाईचा आकडा १ कोटी ४५ लाख डॉलर झाला. पीसीवर स्विचचे खेळ चालवणाऱ्या युझू या एम्युलेटरच्या निर्मात्यांवर निन्टेंडोने फेब्रुवारी २०२४ मध्ये दावा लावला, आणि मार्चमध्येच २४ लाख डॉलर देऊन त्यांना प्रकल्प गुंडाळावा लागला. तीन मोठ्या कंपन्यांत निन्टेंडो सगळ्यात कडक आहे. सोनीकडे चित्रपट, संगीत, कॅमेरे आहेत. मायक्रोसॉफ्टकडे विंडोज आणि क्लाउड. निन्टेंडोचं पोट जवळजवळ पूर्णपणे स्वतःच्या मशिनवर आणि स्वतःच्या खेळांवर आहे.

स्विच २ जून २०२५ मध्ये आला. त्याआधी मे महिन्यात निन्टेंडोने आपल्या करारात लिहून ठेवलं की नियम मोडून मशिनशी छेडछाड केली तर सेवा किंवा ते मशिनच, अंशतः किंवा पूर्णपणे, कायमचं निरुपयोगी करण्याचा हक्क त्यांना आहे. विक्री सुरू झाल्यावर, भाऊ म्हणतोय तसलं, कॉपी केलेले खेळ चालवणारं कार्ड टाकलेल्या मशिनचा ऑनलाइन प्रवेश त्यांनी खरोखर बंद केला. बंदी खात्यावर नसते, मशिनवर असते. म्हणजे अपडेट नाही, दुकान नाही, मित्रांबरोबर खेळणं नाही. स्विच २ च्या काही कार्ट्रिजमध्ये तर खेळ नसतोच, नुसती किल्ली असते आणि खेळ डाउनलोड करावा लागतो. बंदी आलेल्या मशिनवर तो नव्याने उतरवता येणार नाही. हे युरोप-अमेरिकेत झालं तर निदान भांडायला ग्राहक संघटना आहेत. आपल्याकडे निन्टेंडो अधिकृतपणे मशिन विकतच नाही, त्यांचं सर्व्हिस सेंटर नाही. काकांनी आणलेलं मशिन बंद पडलं तर तुझी बाजू ऐकायला इथे कुणी नसेल.

आणि फुकटच्या खेळांबद्दल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी’ नावाचा खेळ बनवला, आपल्या पुराणकथांवरचा. ऑगस्ट २०२० मध्ये तो कन्सोलमध्ये सर्वांत आधी स्विचवरच आला. कॉपी केलेल्या खेळांच्या गठ्ठ्यात असे खेळही जातात, आणि अशा स्टुडिओला एकेक विकलेली प्रत मोलाची असते. मोठ्या कंपनीच्या धोरणावर मी कितीही रागावले तरी खेळ बनवणाऱ्यांचे पैसे बुडवण्याला माझा ठाम विरोध आहे.

शिकायचं असेल तर बाबांना सांग, तुला जुन्या बाजारातून एखादं बंद पडलेलं जुनं कन्सोल घेऊन देतील. ते उघड, साफ कर, सोल्डरिंग शिक. परीक्षेनंतर वर्कशॉपला ये, मी दाखवेन.

विकल्यानंतर सोय काढून घेता येते?

*मी निवृत्त बँक अधिकारी आहे. २००८ साली घेतलेल्या प्लेस्टेशन ३ वर मी लिनक्स टाकून टायपिंग, हिशेब करत असे. नंतर एका अपडेटने ती सोयच गेली. विकलेल्या वस्तूतला भाग असा परत घेणं न्याय्य आहे का? — घोडबंदर रोड, ठाणे*

नाही काका, न्याय्य नाही, आणि तुमच्यासारखं वाटणारे खूप होते.

ती सोय, ‘अदर ओएस’, म्हणजे लिनक्ससारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची मुभा, सोनीने स्वतः जाहिरात करून दिली होती. १ एप्रिल २०१० रोजी आलेल्या ३.२१ या अपडेटने ती काढली. कारण सुरक्षेचं दिलं. अपडेट घ्यायचं नाही म्हटलं तर ऑनलाइन खेळणं बंद, नवे खेळ बंद. म्हणजे विकत घेतलेल्या दोन सोयींपैकी कोणती सोडायची, एवढंच ग्राहकाच्या हातात. अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि बऱ्याच वर्षांनी तडजोड होऊन काही ग्राहकांना थोडे पैसे मिळाले.

धंद्याच्या नजरेने बघितलं तर तुमच्यासारखा ग्राहक कंपनीला महागात पडत होता. मशिन खर्चापेक्षा कमी किमतीत मिळतंय, त्याचा प्रोसेसर ताकदवान आहे, मग खेळ न घेता त्यावर दुसरीच कामं करणं फायद्याचं. अमेरिकन हवाई दलाने तर १,७६० प्लेस्टेशन ३ जोडून एक सुपरकॉम्प्युटर उभा केला. त्यातल्या एकाही मशिनवर खेळ विकला जाणार नव्हता.

पण पुढे काय झालं ते मला महत्त्वाचं वाटतं. लिनक्सची वाट उघडी होती तोवर ज्यांना मशिनशी खेळायचं होतं त्यांना मोडतोडीची फार गरज वाटत नव्हती. वाट बंद झाली आणि हुशार माणसं कुलपाकडे वळली. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत फेलओव्हरफ्लो गटाने दाखवून दिलं की प्रोग्रामवर अस्सलपणाची डिजिटल सही करताना दर वेळी जो नवा यादृच्छिक आकडा वापरायला हवा, तिथे सोनी एकच आकडा पुन्हा पुन्हा वापरत होती. दोन सह्या शेजारी ठेवल्या की शाळेतल्या बीजगणितासारखी समीकरणं सोडवून कंपनीची गुप्त किल्ली काढता येते. जानेवारी २०११ मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने मुख्य किल्ली प्रसिद्ध केली. सोनीने खटला भरला, एप्रिलमध्ये समेट झाला. तोवर किल्ली जगभर गेली होती.

मायक्रोसॉफ्टने वेगळी वाट धरली. २०१० साली एक्सबॉक्सचा काइनेक्ट हा कॅमेरा आला तेव्हा लोकांनी तो कॉम्प्युटरला जोडायचे प्रयत्न सुरू केले. कंपनीने आधी नापसंती दाखवली, पण काही दिवसांतच सूर बदलला आणि २०११ मध्ये त्यासाठी स्वतःच सॉफ्टवेअर किट दिलं. पुढे २०१६ पासून एक्सबॉक्स वन वर साधारण २० डॉलर भरून ‘डेव्हलपर मोड’ सुरू करता येऊ लागला. त्यात स्वतःचे प्रोग्राम चालवा, प्रयोग करा. दुकानातले खेळ मात्र त्या मोडमध्ये चालत नाहीत. शिकणारा आणि चोरी करणारा यांच्या वाटा वेगळ्या केल्या. एक्सबॉक्स वन दीर्घकाळ अभेद्य राहिला. त्याची सुरक्षा मुळात भक्कम होती हे खरं, पण ज्यांच्याकडे तोडायचं कसब असतं त्यांना तोडायचं कारणच उरलं नाही, हेही त्यामागे आहे असं मला वाटतं. सोनी आणि निन्टेंडोने असाच दरवाजा ठेवला तर त्यांचं नुकसान होईल असं मला वाटत नाही.

थोडक्यात

*एसएसडी वाढवली तर वॉरंटी जाते का? (तुर्भे)* प्लेस्टेशन ५ मध्ये त्यासाठी खास जागा आहे आणि सप्टेंबर २०२१ पासून ती सर्वांसाठी खुली आहे. कंपनीच्या सूचनेप्रमाणे, हीटसिंकसह, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीसह, बसवा. जागा वाढली की तुम्ही जास्त खेळ विकत घेणार, म्हणून हा बदल त्यांना हवाच असतो. एक्सबॉक्स सिरीजला मात्र त्यांच्याच पद्धतीचं कार्ड लागतं.

*बाजूच्या प्लेटा बाहेरच्या लावल्या तर? (पाचपाखाडी)* मशिनला काही होत नाही. २०२१ मध्ये डीब्रँड या कंपनीने प्लेस्टेशन ५ साठी काळ्या प्लेटा काढल्या तेव्हा सोनीने कायद्याचा धाक दाखवून त्या थांबवायला लावल्या आणि २०२२ च्या सुरुवातीला स्वतःच्या रंगीत प्लेटा बाजारात आणल्या. गिऱ्हाइकाला त्रास नाही, विकणाऱ्याला आहे.

*कंट्रोलरची काडी आपोआप सरकते. (डोंबिवली)* आतल्या घासणाऱ्या पट्ट्या झिजतात. हॉल इफेक्टची, म्हणजे चुंबकावर चालणारी काडी बसवून घ्या, त्यात घासणारा भाग नसतो. काम सोल्डरिंगचं आहे, सवय नसेल तर घरी करू नका.

*स्क्रूवरचा स्टिकर फाटला. (कोलशेत)* अमेरिकेत तिथल्या व्यापार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडोसह सहा कंपन्यांना बजावलं की असल्या स्टिकरच्या जोरावर वॉरंटी नाकारता येत नाही. तो कायदा आपल्याला लागू नाही. पण सर्व्हिस सेंटरने नुसतं स्टिकरकडे बोट दाखवलं तर नकार लेखी मागा, बिल जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

गिऱ्हाईक चिप मागतं, मी काय करू?

*माझं छोटं दुकान आहे. दुरुस्तीपेक्षा ‘चिप मारून द्या’, ‘जेलब्रेक करून द्या’, म्हणजे कुलूप तोडून द्या, असं म्हणणारेच जास्त येतात. नाही म्हटलं तर दुसरीकडे जातात. कायदा नक्की काय म्हणतो? — कोपरखैरणे*

दादा, तुमची अडचण मी रोज बघते. आपल्या धंद्यात पहिल्या प्लेस्टेशनच्या काळापासून ती आहे. त्या मशिनची अस्सल डिस्क ओळखायची खूण डिस्कच्या आतल्या भागात, ट्रॅकच्या बारीकशा नागमोडीत दडवलेली होती. घरच्या रायटरला ती नागमोड काढता येत नसे. चिप एवढंच करायची की ती खूण सापडल्याचा सिग्नल स्वतःच पाठवायची. तिने नकली डिस्क चालायची आणि परदेशातून आणलेली अस्सल डिस्कही चालायची. एकाच चिपचे हे दोन उपयोग, आणि जगभरच्या कोर्टांनी डोकं खाजवलं ते यावरच. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पातळीवरच्या हायकोर्टाने २००५ साली अशा चिप विकणाऱ्या सिडनीच्या स्टीव्हन्स यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणणं असं की सोनीची ती खूण कॉपी करणं थांबवत नाही, कॉपी झालेली डिस्क फक्त चालू देत नाही. पुढे तिथला कायदाच बदलला. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यापासून कुलूप तोडणं हाच स्वतंत्र गुन्हा झाला, तुमचा हेतू काही का असेना.

आपला कायदा इथे जास्त समंजस आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ अ हे कलम आलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शब्द महत्त्वाचा आहे तो ‘हेतू’. कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप उघडणं या गुन्ह्यात बसत नाही. मात्र दुसऱ्यासाठी ते काम करून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कामाचं कारण याची पूर्ण नोंद ठेवायची, असं त्याच कलमात आहे. आपल्या धंद्यातल्या फार थोड्या जणांना हे माहीत आहे.

तेव्हा ‘सगळे गेम टाकून द्या’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. तिथे हेतूबद्दल शंकाच नाही, आणि हार्ड डिस्क भरून खेळ देणारा दुकानदार आधी अडकतो. पण बंद पडलेला ड्राइव्ह, मेलेला बोर्ड, गेलेला एचडीएमआय आयसी, ज्याचे सर्व्हर कंपनीने बंद केलेत असं जुनं मशिन, यांची दुरुस्ती बिनधास्त घ्या आणि दुकानाबाहेर पाटीवर तसं लिहा. केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स हा गट आहे. कन्सोल कंपन्यांनी तिथे सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती द्यावी, अशी मागणी आपण दुकानदारांनी एकत्र येऊन करायला हवी. मी ठाण्यातल्या काही जणांशी बोलले आहे. नवी मुंबईकडून तुम्ही चार नावं जमवा आणि संपादकांमार्फत मला कळवा.

आणि नोंदवही आजपासून सुरू करा. मॉडेल आणि सिरीअल नंबर, आलं तेव्हा काय होत होतं, कोणता पार्ट काढला, कोणता घातला, ड्राइव्हचा मूळ बोर्ड परत दिला की नाही, आणि खाली गिऱ्हाइकाची सही.